तिकडे म्हणे दिवसाढवळ्या लुटतात!

“जोहान्सबर्गला? अगं, वेड लागलंय का तुला?”

२०२४ च्या दिवाळीच्या सुट्टीत वन्संकडे जायचं ठरलं, आणि ज्यांना ज्यांना सांगितलं त्यांच्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं, तिकडे सिग्नलला गाडी थांबली की काच फोडून पर्स नेतात. खालच्या मजल्यावरच्या काकू गुडघे धरत धरत दोन जिने चढून आल्या, ते हे सांगायला की त्यांच्या भाच्याच्या साहेबांचा म्हणे विमानतळापासून घरापर्यंत पाठलाग करून त्यांना लुटलं. धाकट्या भावजींनी तर एक शब्दही न बोलता व्हॉट्सॲपवर चित्रफीत पाठवून दिली. भर रस्त्यात पिस्तूल रोखून गाडी पळवतात ती. ती पाहिल्यावर दोन रात्री माझा डोळ्याला डोळा लागला नाही.

वन्संचे यजमान तिथे नोकरीला आहेत. लेकीला पाहून सासूबाईंना तीन वर्षं होऊन गेली होती. त्या अडुसष्ट वर्षांच्या, आमचा मुलगा दहाचा. म्हातारं माणूस आणि पोर बरोबर घेऊन जायचं, तर “बघू तिकडे गेल्यावर” असं म्हणून चालण्यासारखं नव्हतं. आमचे हे म्हणाले, “ताई राहतेच आहे ना तिथं? तिला काही झालं का?” पुरुषांचं उत्तर नेहमी असं दोन वाक्यांत संपतं. मी मात्र वही-पेन घेऊन बसले.

शाळेत मी अर्धवेळ भूगोल शिकवते, पण गणिताच्या बाई रजेवर गेल्या की सातवीची सरासरीही माझ्याच गळ्यात पडते. तेव्हा म्हटलं, लोकांचं ऐकण्यापेक्षा आकडेच बघावेत. दक्षिण आफ्रिकेचे पोलीस दर तीन महिन्यांनी गुन्ह्यांचे आकडे जाहीर करतात. २०२३-२४ या वर्षात त्या देशात २७,६२१ खून झाले. (पुढच्या वर्षी हा आकडा थोडा उतरून २६ हजारांच्या घरात आला.) आता आपल्याकडचा आकडा बघा. २०२२ साली भारतात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले. म्हणजे जवळजवळ सारखेच की! पण आपण एकशे चाळीस कोटी, आणि ते साधारण सव्वासहा कोटी. आपल्याकडे लाख माणसांमागे वर्षाला दोन खून, तर तिकडे चव्वेचाळीस.

हा आकडा डोक्यात शिरावा म्हणून मी तो आमच्या गावाला लावून पाहिला. सांगली-मिरज-कुपवाड मिळून वस्ती पाच लाख धरा. भारताच्या हिशेबानं इथे वर्षाला दहा खून व्हायचे. दक्षिण आफ्रिकेच्या हिशेबानं दोनशे वीस. आठवड्याला चार! रोज सकाळी पेपर उघडताना हात कापेल. मी वही मिटली आणि ह्यांना म्हटलं, “तिकिटं रद्द करायची तर किती पैसे कापतात, ते विचारून ठेवा.”

सासूबाई सगळं ऐकत होत्या. वाती वळता वळता म्हणाल्या, “आणि आपल्या शेजारच्या काकूंचं मंगळसूत्र कुठं गेलं गं? आफ्रिकेत?”

मैत्रिणींनो, हे मात्र मी विसरलेच होते. दोन वर्षांपूर्वी पहाटे दूध आणायला गेलेल्या आमच्या काकूंच्या गळ्यातलं साडेतीन तोळ्यांचं मंगळसूत्र मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढून नेलं. मानेला वळ उठला होता तो महिनाभर गेला नाही. तेव्हापासून आमच्या इमारतीतली एकही बाई पदर किंवा ओढणी गळ्याभोवती लपेटून घेतल्याशिवाय फिरायला जात नाही. पण म्हणून सांगली सोडून जायचं, असं कुणाच्या मनात आलं नाही. “आपलं गाव तसं चांगलं आहे हो,” असंच आपण पाहुण्यांना सांगतो, आणि ते खोटंही नसतं.

मग मी वही पुन्हा उघडली. सातवीच्या मुलांना सरासरी शिकवताना मी एक जुनी गोष्ट सांगते. नदीची सरासरी खोली तीन फूट आहे असं ऐकून एक गृहस्थ चालत पलीकडे निघाले आणि मधल्या डोहात बुडाले. आकडा खोटा नव्हता. डोह कुठे आहे, ते त्या आकड्यात लिहिलेलं नव्हतं इतकंच. देशाच्या गुन्ह्यांच्या आकड्याचंही तेच आहे.

दक्षिण आफ्रिकेत अकराशेहून जास्त पोलीस ठाणी आहेत. सर्वात जास्त खून झालेल्या तीस ठाण्यांची यादी पोलीस प्रत्येक तिमाहीला छापतात, आणि त्यात तीच तीच नावं पुन्हा पुन्हा येतात. केप टाउनजवळची न्यांगा, डेल्फ्ट, खायेलित्शा. डर्बनजवळची इनांदा, उमलाझी. ही काही आपोआप वाईट झालेली गावं नव्हेत. १९५० साली तिथल्या गोऱ्या सरकारनं कायदा केला, की कुठल्या वर्णाच्या माणसानं शहराच्या कुठल्या भागात राहायचं ते सरकार ठरवणार. केप टाउनच्या मध्यावर डिस्ट्रिक्ट सिक्स नावाची जुनी, भरगच्च वस्ती होती. १९६६ साली ती ‘फक्त गोऱ्यांसाठी’ म्हणून जाहीर झाली आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे साठ हजार माणसांना घरं पाडून शहराबाहेरच्या वाळवंटासारख्या सपाटीवर नेऊन टाकलं. शेजार तुटले, कामं लांब गेली, शाळा धड नाहीत. पोरं टोळ्यांत गेली. आज राज्य बदललेलं आहे, कायदा कधीच गेला, पण वस्त्या जिथे होत्या तिथेच आहेत. त्या देशात कामाच्या शोधात असलेल्या दर तीन माणसांतल्या एकाला काम नाही. श्रीमंत आणि गरीब यांच्यातलं अंतर जगात सर्वात जास्त जिथे आहे, अशा देशांत त्याचं नाव पहिलं घेतात.

आणि खून कुणाचे होतात? पोलिसांच्याच म्हणण्याप्रमाणे खूप खून शनिवार-रविवारी, दारूच्या अड्ड्याजवळ, भांडणातून होतात. मारणारा आणि मरणारा पुष्कळदा एकमेकांच्या ओळखीचे. मुंबईहून आलेल्या प्रवाशाचा ह्या भांडणात संबंध येत नाही.

मी आणखी एक हिशेब मांडला. सातासमुद्रापलीकडून, म्हणजे आफ्रिकेबाहेरून, वर्षाला साधारण वीस लाख पाहुणे दक्षिण आफ्रिकेत येतात. प्रत्येक जण दोन आठवडे राहतो असं धरा. तिथल्या रहिवाशांइतकाच धोका त्यांना असता तर दरवर्षी पस्तीसएक परदेशी प्रवाशांचे खून व्हायला हवे होते. एवढे झाले असते तर जगभरच्या वर्तमानपत्रांत दर दहा-अकरा दिवसांनी एक मथळा आला असता. ज्या घटना गाजल्या त्या बोटांवर मोजण्यासारख्या आहेत. ऑक्टोबर २०२२ मध्ये क्रूगर अभयारण्याच्या नुंबी दरवाजाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जर्मन प्रवाशांची गाडी अडवली आणि एकाला गोळी घातली. ऑगस्ट २०२३ मध्ये केप टाउनला टॅक्सीवाल्यांचा संप चालू असताना विमानतळावरून निघालेल्या एका ब्रिटिश डॉक्टरची गाडी न्यांगात शिरली आणि तो जिवाला मुकला. त्यानंतर तीन महिन्यांनी नकाशाच्या ॲपच्या मागे जाणारा एक अमेरिकन प्रवासीही त्याच वस्तीत गेला. त्याला गोळी लागली, पण तो वाचला. शेवटी सरकारनं गूगलशी बोलणी केली, की प्रवाशांना अशा भागांतून रस्ता दाखवू नका.

म्हणजे बघा, धोका आहे. नाही असं कोण म्हणेल? पण तो देशभर सारखा पसरलेला नाही. एका चुकीच्या वळणावर, एका चुकीच्या वेळी तो उभा असतो. परक्या माणसाला ते वळण ठाऊक नसतं, ही खरी भीती.

उलट उदाहरणही आहे. फ्रान्समध्ये खुनाचं प्रमाण आपल्यापेक्षाही कमी. पण पॅरिसचं लूव्र संग्रहालय एप्रिल २०१३ मध्ये एक दिवस बंद राहिलं, कारण पाकीटमारांनी इतका उच्छाद मांडला होता की तिथल्या कर्मचाऱ्यांनीच काम बंद केलं. माझी मावसबहीण तिच्या पंचविसाव्या लग्नवाढदिवसाला पॅरिसला गेली ती आयफेल टॉवरखाली पर्स घालवून आली. “एवढा सुधारलेला देश!” म्हणून ती अजून हळहळते. चोरीच्या आकड्यांवर तर मुळीच भिस्त ठेवू नये. जिथे लोक सायकल गेली तरी पोलिसांत जातात, विम्याचे पैसे मिळवतात, तिथे चोरीचा आकडा फुगतो. आपल्याकडे एस. टी. स्टँडवर पाकीट मारलं तर किती जणी तक्रार नोंदवतात? कागदावर स्वीडनमध्ये आपल्यापेक्षा कितीतरी जास्त चोऱ्या होतात! देशादेशांची तुलना करायची तर त्यातल्या त्यात खुनाचाच आकडा धरतात तो याचसाठी. प्रेत लपवणं अवघड.

तर तिकिटं रद्द झाली नाहीत.

तयारीत सर्वात अवघड गोष्ट होती मंगळसूत्र. वन्संनी फोनवर बजावलं होतं, “सोनं अजिबात अंगावर आणायचं नाही. कानातलंसुद्धा खोटं घाल.” मला वाटलं सासूबाईंना हे रुचणार नाही. पण त्यांनीच काळ्या मण्यांची पोत दोऱ्यात ओवून दिली, मध्ये सोन्याच्या वाट्यांऐवजी दोन लाल मणी. म्हणाल्या, “मणी महत्त्वाचे. सोनं काय, सोनारालाच जास्त कळतं.” मग त्यांनी जुन्या पॉपलीनच्या दोन चपट्या पिशव्या शिवल्या, वीतभर लांब, तोंडाला टिचबटण, आणि वर नाडी. ही पिशवी परकराच्या किंवा सलवारीच्या आत कमरेला बांधायची. पासपोर्ट आणि जास्तीचे पैसे तिच्यात. वरच्या पर्समध्ये फक्त त्या दिवसाचा खर्च, म्हणजे कुणी मागितलीच तर पर्स देऊन टाकायची, ओढाताण करायची नाही. पासपोर्टच्या दोन झेरॉक्स प्रती, एक सामानात, एक सांगलीत. बाहेरगावी कुठेही जाणाऱ्या बाईनं ही पिशवी जरूर शिवून घ्यावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

आदिस अबाबाला विमान बदलून आम्ही जोहान्सबर्गला उतरलो. रस्त्याच्या दुतर्फा जॅकरांडा फुललेला, आपण ज्याला नीलमोहर म्हणतो तो. सगळी सावली जांभळी. मी खिडकीची काच खाली करायला गेले तर वन्संनी माझा हात धरला. “काच वर, आणि पर्स पायाशी.” सिग्नलला तिथे ‘रोबो’ म्हणतात. रोबोला गाडी थांबली की पुढच्या गाडीत आणि आपल्यात अंतर सोडायचं, म्हणजे वेळ पडली तर निघता येतं. गाडीला कुलूप लावलं की मूठ ओढून बघायची, कारण चोर रिमोटचा संकेत अडवतात आणि आपल्याला वाटतं कुलूप लागलं. एटीएम रस्त्यावरचं वापरायचं नाही, मॉलमधलंच. आणि मदत करायला आलेल्या गोड बोलणाऱ्या माणसाला “नो, थँक यू” म्हणून पाठ फिरवायची. दिवस मावळल्यावर पायी कुठेही नाही. हे सगळं वन्संनी एखादी पाककृती सांगावी तसं सांगितलं, सवयीनं.

त्यांच्या घराभोवती दहा फुटी भिंत, तिच्यावर विजेची तार, फाटकावर पहारेकरी. प्रत्येक घरावर सुरक्षा कंपनीची पाटी. खासगी पहारेकरी त्या देशात पाच लाखांहून जास्त आहेत, पोलिसांच्या सुमारे तिप्पट. आमचा मुलगा पहिल्या दिवशी म्हणाला, “आई, आत्याचं घर तुरुंगासारखं आहे.” आत्यानं ऐकलं आणि ती नुसती हसली. पण ते हसू मला बरं वाटलं नाही.

शेजारच्या बंगल्यात एक गोऱ्या आजी राहतात. चहाला आल्या. मी विचारलं, भारतात कधी आलात का? म्हणाल्या, ताजमहाल पाहायची फार इच्छा आहे, पण मुलगा पाठवत नाही. तिकडे बायकांना सुरक्षित नाही म्हणतो. मार्चमध्ये झारखंडमध्ये मोटारसायकलवरून फिरणाऱ्या एका स्पॅनिश बाईवर सामूहिक बलात्कार झाला, ऑगस्टमध्ये कलकत्त्याला रुग्णालयात डॉक्टर मुलीला मारलं, हे त्यांनी सगळं वाचलेलं. माझे कान तापले. मी म्हटलं, “आमचं गाव झारखंडपासून फार लांब आहे. आमच्याकडे तसं काही नसतं.” आजींनी मान डोलावली आणि म्हणाल्या, “हो, आमच्याकडेही. न्यांगा इथून फार लांब आहे.” वन्संनी मला नुसतं टेबलाखालून पायानं ढोसलं. काय बोलणार?

सासूबाईंचा एक हट्ट होता. त्यांचे वडील बेचाळीसच्या चळवळीत तुरुंगात गेलेले. गांधीजींचा आफ्रिकेतला आश्रम पाहिल्याशिवाय परतायचं नाही, असं त्या सांगलीहूनच ठरवून निघाल्या होत्या. आश्रम डर्बनच्या बाहेर वीस-पंचवीस किलोमीटरवर, फिनिक्स नावाचा. गांधीजींनी तो १९०४ मध्ये वसवला, ‘इंडियन ओपिनियन’चा छापखाना तिथेच हलवला. मी नकाशा उघडला आणि माझ्या पोटात गोळा आला. आश्रम ज्या भागात आहे त्याचं नाव इनांदा. माझ्या वहीतल्या यादीतलं इनांदा!

ह्यांनी आणि मी बाहेरच्या खोलीत हळू आवाजात बरंच भांडून घेतलं. हे म्हणत होते, जाऊन येऊ. मी म्हणत होते, पोराला घेऊन मुळीच नाही. शेवटी वन्संनी तोडगा काढला. तिथलाच, त्याच भागात राहणारा वाटाड्या गाडीसकट ठरवायचा, मधल्या वारी सकाळी नऊला निघून बारापर्यंत परत फिरायचं.

आम्ही गेलो. टेकडीच्या उतारावर दाटीवाटीनं पत्र्याची घरं, त्यांच्यामध्ये आश्रमाचं कुंपण. आत गांधीजींचं लाकडी-पत्र्याचं साधं घर, ‘सर्वोदय’. ते मूळचं नव्हे. ऑगस्ट १९८५ च्या दंगलीत आश्रम जाळला गेला, लोकांनी त्या जागेवर झोपड्या बांधल्या, आणि पुन्हा उभारून तो खुला झाला २००० साली. भोवतालच्या वस्तीला भंबाई म्हणतात. मुंबईवरून ते नाव पडलं, असं वाटाड्यानं सांगितलं. सासूबाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि उंबऱ्याला हात लावला. पलीकडे नळावर बायका बादल्या घेऊन उभ्या होत्या. एकीनं त्यांच्याकडे पाहून हात हलवला. सासूबाईंनी नमस्कार केला.

तिथून जवळच ओहलांगे शाळा आहे. २७ एप्रिल १९९४ रोजी नेल्सन मंडेला यांनी आयुष्यातलं पहिलं मत तिथे दिलं. सारा देश सोडून त्यांनी इनांदाच निवडलं होतं. आफ्रिकन राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अध्यक्ष जॉन दुबे यांनी ती शाळा काढली आणि त्यांची समाधीही तिथे आहे, म्हणून. खुनांच्या यादीत पहिल्या पानावर येणारं हे गाव असं आहे. बारा वाजायच्या आत आम्ही परत फिरलो. मी वाटाड्याला विचारलं, तुम्हाला इथं राहायची भीती वाटत नाही? तो म्हणाला, “मॅडम, तुम्ही तीन तास आलात. माझी मुलगी इथून रोज शाळेत जाते.”

आणि आता सिसीबद्दल सांगते.

सिसी म्हणजे ताई. वन्संकडे घरकामाला येणाऱ्या बाईंना सगळे सिसीच म्हणतात. पन्नाशीच्या, भारदस्त, कपाळापर्यंत रुमाल बांधलेल्या. त्या अलेक्झांड्रात राहतात. जोहान्सबर्गचा सँडटन भाग म्हणजे काचेच्या इमारती, बँका, आपल्याला नाव घेताही न येणारी दुकानं. आणि मधला एक महामार्ग ओलांडला की अलेक्झांड्रा, एका खोलीत सहा-सहा माणसं. तरुण मंडेला १९४१ मध्ये शहरात आले तेव्हा तिथेच खोली घेऊन राहिले होते. सिसी पहाटे पाचला अंधारात निघतात, टॅक्सीच्या थांब्यापर्यंत वीस मिनिटं चालतात, आणि चार वाजता काम टाकून निघून जातात. भांडी अर्धी राहिली तरी थांबत नाहीत. मला आधी वाटलं, किती घड्याळाच्या काट्यावर! मग कळलं, अंधाराच्या आत घरी पोचायचं असतं.

महिनाअखेरीची गोष्ट. आदल्या दिवशी पगार झाला होता. सकाळी सिसी तासभर उशिरा आल्या. आल्या, हात धुतले आणि इस्त्री करायला उभ्या राहिल्या. वन्संनी विचारलं तेव्हा सांगितलं, की थांब्याजवळ दोन पोरांनी चाकू दाखवला, फोन आणि पाकीट घेतलं. तिसऱ्यांदा. मी म्हटलं, पोलिसांत गेलात का? वन्संनी ते त्यांच्या कानावर घातलं तशा त्या हसल्या. चौकीत चार तास बसायचं, एका दिवसाचा पगार जायचा, आणि फोन परत येणार नाही.

म्हणजे सिसींची चोरी कुठल्याच आकड्यात गेली नाही. त्यांच्या बहिणीचा मुलगा मात्र गेला असणार. दोन वर्षांपूर्वी एका शनिवारी रात्री, वीस रँडवरून झालेल्या भांडणात त्याला भोसकलं. वीस रँड म्हणजे तेव्हा आपले जेमतेम शंभर रुपये. हे सांगताना त्यांची इस्त्री थांबली नाही. ह्यांचाच शर्ट होता.

वहीत चव्वेचाळीस लिहिताना मला वाटलं होतं, तो आकडा माझ्याबद्दल, माझ्या मुलाबद्दल आहे. तो आमच्याबद्दल नव्हताच. आम्ही काचा वर करून, ठरवलेल्या गाडीतून, ठरवलेल्या वेळी फिरलो. सोळा दिवसांत आमची एक छत्री हरवली, तीही आम्हीच हॉटेलात विसरलो. आकडा सिसींचा होता. तो त्या मुलीचाही होता, जी ऑगस्ट २०१९ मध्ये केप टाउनच्या एका पोस्टात पार्सल आणायला गेली. एकोणीस वर्षांची विद्यार्थिनी, भर दिवसा, सरकारी कचेरी. पोस्टातल्याच माणसानं तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं. देशभरच्या बायका रस्त्यावर आल्या आणि हातातल्या फलकांवर विचारत होत्या, आता पाळी माझी का? प्रवासी बाईला सांगता येतं, अंधारात जाऊ नको, एकटी जाऊ नको. पोस्टात जाऊ नको, असं तिथल्या बाईला कोण सांगणार?

निघायच्या दिवशी सासूबाईंनी सिसींना सांगलीहून नेलेली इरकली साडी दिली. त्यांनी ती उलगडली, डोक्याभोवती गुंडाळून पाहिली, आणि दोघी खूप हसल्या. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती. जाताना सिसींनी साडी पिशवीच्या तळाशी ठेवली आणि वर जुनी वर्तमानपत्रं कोंबली, कुणाच्या नजरेला पडू नये म्हणून.

आता लोक मलाच विचारायला येतात, जावं का हो तिकडे? खालच्या काकूंच्या पुतणीचं लग्न झालंय, दोघं केप टाउनला जायचं म्हणतायत. मी तिला सांगितलं, जरूर जा. टेबल माउंटनवर जायचं तर झुलत्या गाडीनं जा, पायवाटेनं दोघंच जाऊ नका. विमानतळावरून गाडी स्वतः चालवत निघू नका, हॉटेलची मागवा. रात्रीचा लांबचा प्रवास टाळा, चोरांसाठी नव्हे तर अपघातांसाठी. त्या देशात वर्षाला बारा हजारांच्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात, आणि ट्रक काही परदेशी माणूस बघून थांबत नाही. हॉटेलात खोली आवरणाऱ्या बाईला जाताना चार पैसे हातात दे, उशीवर ठेवू नको. आणि तिला दुपारी लवकर जायचं असेल तर टॉवेल संध्याकाळी बदलून मागू नको.

मंगळसूत्राचं मी काही बोलले नाही. ते तिच्या सासूबाई ठरवतील. पॉपलीनची पिशवी मात्र दिली. तिचं टिचबटण सैल झालं होतं, ते सासूबाईंनी काल नवीन लावून दिलं.